मेंढपाळाचा शब्द आणि सम्राटाचे अश्रू : मिलानचे बिशप संत अंब्रोज

डिसेंबर महिना उजाडला की आपल्या घराघरांत नाताळची लगबग सुरू होते. गोठ्याची मांडणी, फराळाची तयारी, गीतांचा सराव या धांदलीत ७ डिसेंबर हा दिवस बहुधा आपल्या नकळत निघून जातो. त्या दिवशी ख्रिस्तसभा मिलानचे बिशप आणि ख्रिस्तसभेचे धर्मपंडित संत अंब्रोज यांचा सण साजरा करते. बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्युदिनी येतो. संत अंब्रोज यांचा सण मात्र त्यांच्या बिशपपदाच्या अभिषेकाच्या दिवशी येतो. म्हणजे ख्रिस्तसभा दरवर्षी आठवण करते ती एका मेंढपाळाला त्याचा कळप मिळाला, त्या दिवसाची.

संत पौलाने थेस्सलनीका शहरातील भाविकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक विनंती आहे. जे तुमच्यामध्ये श्रम करतात, प्रभूमध्ये तुमचे पुढारीपण करतात आणि तुम्हाला बोध करतात, त्यांचा आदर करा, त्यांच्या कामाखातर त्यांच्यावर प्रीती करा, असा तिचा आशय आहे. या विनंतीनंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी त्याच थेस्सलनीका शहरात एक भीषण हत्याकांड घडले, आणि त्या हत्याकांडामुळे पौलाच्या शब्दांची कसोटी लागली. एकीकडे होता रोमन साम्राज्याचा सम्राट आणि दुसरीकडे एक बिशप, ज्याच्या हाती ना सैन्य होते ना तुरुंग. या दोघांची कथा आज वाचकांसमोर ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. धर्मगुरूंचा मान राखावा तो का, कुठवर, आणि धर्मगुरूंनी तो मान पेलावा तरी कसा, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतून आज पुष्कळदा विचारला जातो. त्याचे एक उत्तर या चरित्रात दडलेले आहे.

लहानपणचा खेळ

अंब्रोज यांचा जन्म इ. स. ३४० च्या सुमारास आजच्या जर्मनीतील ट्रिअर या शहरी झाला. वडील गॉल प्रदेशाच्या राज्यकारभारात वरिष्ठ अधिकारपदावर होते. त्यांचे अकाली निधन झाल्यावर आई मुलांना घेऊन रोमला आली. थोरली बहीण मार्सेलिना हिने संत पेत्राच्या महामंदिरात पोप लिबेरियस यांच्या हस्ते कौमार्यव्रताची वस्त्रे स्वीकारली. दुसरा भाऊ सॅटिरस.

अंब्रोज यांचे चिटणीस पॉलिनस यांनी पुढे संत ऑगस्टिन यांच्या विनंतीवरून त्यांचे चरित्र लिहिले. त्यात बालपणीची एक गोड आठवण आहे. घरी बिशप आले की आई आणि बहीण त्यांच्या हाताचे चुंबन घेत. छोटा अंब्रोज ते पाहत असे. मग खेळता खेळता तोही आपला उजवा हात पुढे करून चुंबन मागू लागला. आपणही पुढे बिशप होणार, असे त्याचे म्हणणे. घरच्यांनी अर्थातच त्याला पोरखेळ म्हणून झिडकारले. मान म्हणजे पुढे केलेला हात, एवढेच त्या बालवयाला ठाऊक होते. त्या हाताला किती ओझे उचलावे लागते, हे कळायला अजून अवकाश होता.

राज्यपालाचा बिशप झाला

कायद्याचे शिक्षण घेतलेले अंब्रोज तिशीच्या आसपास एमिलिया आणि लिगुरिया या प्रांतांचे राज्यपाल झाले. त्यांचे कार्यस्थान होते मिलान. हे शहर त्या काळी सम्राटांचे निवासस्थान होते. नेमणूक करणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना निरोप देताना न्यायाधीशासारखे नव्हे, तर बिशपासारखे वागण्यास सांगितले होते, असे पॉलिनस नमूद करतात.

इ. स. ३७४ मध्ये मिलानचे बिशप ऑक्सेन्टियस मरण पावले. ते एरियसच्या मताचे होते. देवपुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नसून निर्माण केलेला आहे, असे हे मत. ज्या नायसिया परिषदेची १७०० वर्षे आपण २०२५ साली साजरी केली, त्या ३२५ सालच्या परिषदेने हे मत नाकारले होते. तरी पुढे अनेक दशके साम्राज्यात आणि राजवाड्यात त्याचे वजन होते. साहजिकच नव्या बिशपाच्या निवडीवरून मिलानमध्ये दोन तट पडले आणि दंगलीची चिन्हे दिसू लागली. शांतता राखण्यासाठी राज्यपाल स्वतः चर्चमंदिरात गेले आणि लोकांशी बोलू लागले. तेवढ्यात गर्दीतून एका बालकाचा आवाज आला, असे परंपरा सांगते. त्या बालकाने बिशप म्हणून अंब्रोज यांचेच नाव घेतले. क्षणार्धात भांडणारे दोन्ही पक्ष तेच नाव घेऊ लागले.

अंब्रोज हादरून गेले. ते ख्रिस्ती कुटुंबातले खरे, पण त्यांचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता. ते अजून दीक्षार्थी होते. आपण या पदाला नालायक आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी नाना उपाय केले. न्यायासनावर बसून आरोपींना कठोर शिक्षा फर्मावल्या, बदनाम स्त्रियांना उघडपणे घरी बोलावले. रात्रीतून शहर सोडले, तर वाट चुकून पहाटे पुन्हा मिलानच्याच वेशीपाशी आले. शेवटी एका मित्राच्या मळ्यात लपले. सम्राट पहिला व्हॅलेंटिनियन याने निवडीला संमती दिली तेव्हा मात्र सुटकेचा मार्ग उरला नाही. त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि आठवडाभराने, ७ डिसेंबर ३७४ रोजी, त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला.

पदाची हाव धरणारे सर्व काळी असतात. अंब्रोज पदापासून पळत होते. अधिकार हा आपण कमावलेला नसून देवाने लोकांच्या मुखातून आपल्यावर सोपवला आहे, ही जाणीव त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही.

सर्वांसाठी उघडे दार

बिशप होताच अंब्रोज यांनी आपले सोने-नाणे ख्रिस्तसभेला आणि गोरगरिबांना दिले. जमिनी ख्रिस्तसभेच्या नावे केल्या. त्यांचे उत्पन्न मात्र बहिणीला हयातभर मिळावे अशी तरतूद ठेवली. घरच्या व्यवहाराचा भार भाऊ सॅटिरस याने उचलला. आपण शिकण्याआधीच शिकवायला बसलो, याची खंत त्यांना होती. म्हणून वयोवृद्ध धर्मगुरू सिम्प्लिशियन यांच्या मार्गदर्शनाखाली ते पवित्र शास्त्र आणि ग्रीक धर्माचार्यांचे ग्रंथ अभ्यासू लागले.

इ. स. ३८४ मध्ये वक्तृत्वाचा शिक्षक म्हणून एक तरुण मिलानला आला. तो म्हणजे ऑगस्टिन. अंब्रोज यांच्या घराचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. दार सदैव उघडे. वर्दी न देता कोणीही आत जाई. लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यात बिशपांचा दिवस सरे. जो थोडा वेळ उरे त्यात ते ओठ न हलवता मूकपणे ग्रंथ वाचत. ऑगस्टिन शेजारी बसून राही आणि त्यांच्या वाचनात व्यत्यय नको म्हणून न बोलताच निघून जाई. तो आधी ऐकायला जात होता ती बिशपांची भाषाशैली. हळूहळू त्या भाषेतला आशय त्याच्या अंतःकरणात उतरला. ३८७ च्या पुनरुत्थानाच्या रात्री अंब्रोज यांनीच त्याला स्नानसंस्कार दिला. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे ज्या धर्मसंघातून आले, तो संघ याच ऑगस्टिनच्या नियमाने चालतो.

ऑगस्टिनची आई मोनिका हिची गोष्ट तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालते. आफ्रिकेतल्या आपल्या गावी ती हुतात्म्यांच्या कबरींवर खीर, भाकर आणि द्राक्षारस घेऊन जात असे. मिलानमध्ये तशीच टोपली घेऊन गेली असता दारावरच्या रखवालदाराने तिला अडवले. बिशपांनी ही चाल बंद केली होती. तिच्यापायी दारूबाजीला निमित्त मिळे आणि ती मूर्तिपूजकांच्या पितृविधींसारखी दिसे. मोनिकाने वाद घातला नाही, रुसली नाही. टोपलीतल्या अन्नाऐवजी प्रार्थनेने भरलेले मन घेऊन ती पुढे येऊ लागली आणि देणे होते ते गरिबांना देऊ लागली. तिच्या मुलाने मात्र प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, हीच मनाई दुसऱ्या कोणी केली असती तर आईने ती इतक्या सहजी मानली असती की नाही, याची शंका वाटते. अंब्रोज यांच्यावर तिचे प्रेम होते, कारण तिच्या मुलाच्या तारणाची वाट त्यांच्यातून जात आहे हे तिने ओळखले होते. आज्ञापालनाच्या मुळाशी असे प्रेम असले की ते जड जात नाही. आणि असे प्रेम मेंढपाळाला आयते मिळत नाही. ते त्याच्या उघड्या दारातून येते.

वितळलेले सुवर्ण, वेढलेले मंदिर

इ. स. ३७८ मध्ये एड्रियानोपल येथे गॉथ टोळ्यांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला. हजारो लोक बंदी म्हणून नेले गेले. त्यांच्या सुटकेसाठी पैसा हवा होता. अंब्रोज यांनी चर्चमंदिरातील पवित्र पात्रे वितळवली आणि त्या सोन्याने माणसे सोडवली. विरोधकांनी कांगावा केला. त्यावर अंब्रोज यांचे उत्तर साधे होते : ख्रिस्तसभेजवळ सोने असते ते साठवण्यासाठी नव्हे, गरज पडेल तेथे खर्चण्यासाठी, आणि धातूच्या पात्रांपेक्षा जिवंत माणसे राखणे अधिक मोलाचे.

पुढे खरी परीक्षा आली. बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याची आई जस्टिना ही एरियसपंथी होती. याच अंब्रोज यांनी ३८३ मध्ये तिच्या मुलासाठी ट्रिअरला जाऊन बंडखोर मॅक्सिमसशी बोलणी केली होती. तरीही ३८५ आणि ३८६ या वर्षांत तिने मिलानमधील एक महामंदिर एरियसपंथीयांच्या स्वाधीन करण्याची मागणी लावून धरली. अंब्रोज यांनी आपली मालमत्ता घ्या, मला तुरुंगात टाका, अशी तयारी दाखवली. देवाचे मंदिर मात्र देण्याचा आपल्याला अधिकारच नाही, असे कळवले. सैनिकांनी मंदिराला वेढा घातला. भाविक आत बिशपांसोबत रात्रंदिवस बसून राहिले. त्यांत मोनिकाही होती. लोकांचे मन खचू नये म्हणून अंब्रोज यांनी पूर्वेकडील ख्रिस्तसभांच्या रीतीने स्तोत्रे आणि गीते गाण्याची प्रथा तेथे सुरू केली. शस्त्राला शस्त्राने उत्तर देण्याचा मार्ग त्यांनी निवडला नाही. अखेरीस दरबाराने माघार घेतली. सम्राट हा ख्रिस्तसभेचा पुत्र आहे, तिच्या आत आहे, तिच्यावर नाही, ही अंब्रोज यांची शिकवण याच संघर्षातून पुढे आली.

एक काळी नोंद

येथे एक गोष्ट लपवली तर आम्ही वाचकांशी प्रामाणिक राहणार नाही. इ. स. ३८८ मध्ये युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम गावी ख्रिस्ती जमावाने यहुदी लोकांचे सभास्थान जाळले. सम्राट थिओडोसियस याने तेथील बिशपांनी ते स्वखर्चाने बांधून द्यावे, असा न्याय्य हुकूम केला. अंब्रोज यांनी त्याला विरोध केला आणि सम्राटाने हुकूम मागे घेईपर्यंत वेदीवरील यज्ञ सुरू करण्यास नकार दिला. सम्राट नमला. पण येथे मेंढपाळाचा शब्द दुबळ्यांच्या बाजूने नव्हता. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदी लोकांविरुद्धचा द्वेष आणि छळ यांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. त्या प्रकाशात पाहता अंब्रोज तेथे चुकले, असेच म्हणावे लागते.

संतसुद्धा चुकू शकतात. मेंढपाळाचा अधिकार मोठा असला तरी सत्य आणि न्याय यांच्यापेक्षा मोठा नाही. हे ध्यानात ठेवूनच पुढचा प्रसंग वाचावा, म्हणजे त्याचा अर्थ अधिक खुलतो.

थेस्सलनीकाचे रक्त

इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीका शहरात सेनाधिकारी बुथेरिक याने रथशर्यतीतील एका लोकप्रिय सारथ्याला गैरवर्तनाबद्दल तुरुंगात टाकले. शर्यतीच्या वेळी त्याला सोडण्याची मागणी झाली. ती नाकारताच दंगल उसळली आणि जमावाने बुथेरिकला ठार मारले. मिलानमध्ये असलेल्या थिओडोसियसला वार्ता कळली. तो श्रद्धावान होता, पण अतिशय शीघ्रकोपी. त्याने सूड घेण्याचा आदेश दिला. राग ओसरल्यावर आदेश मागे घेणारा निरोप धाडला खरा, परंतु तो उशिरा पोहोचला. शर्यतीच्या मैदानात जमलेल्या नागरिकांवर सैनिक तुटून पडले. अपराधी आणि निरपराध असा भेद कोणी केला नाही. पुढच्या शतकातील इतिहासकार थिओडोरेट मृतांची संख्या सात हजार सांगतात.

आम्ही सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकत असताना यानंतरचा प्रसंग मोठ्या नाट्यमय रूपात आमच्या मनावर ठसला होता : महामंदिराचा दरवाजा, पायऱ्या चढणारा सम्राट आणि हात आडवा करून त्याला रोखणारे बिशप. थिओडोरेट यांनी तो असाच रंगवला आहे, आणि रूबेन्स व व्हॅन डाइक या महान चित्रकारांनी तो रंगांत अजरामर केला आहे. घडले ते याहून वेगळे, आणि आम्हाला आता वाटते, याहून अधिक सुंदर होते.

अंब्रोज यांनी सम्राटाला चारचौघांत अडवले नाही. सम्राट मिलानला परतण्याच्या सुमारास प्रकृतीचे कारण सांगून ते शहराबाहेर गेले आणि तेथून त्याला एक पत्र लिहिले. ते चिटणिसाकडून न लिहवता स्वतःच्या हाताने लिहिले, जेणेकरून ते एकट्या सम्राटानेच वाचावे. पत्रात त्यांनी सम्राटाच्या श्रद्धेची आणि चांगुलपणाची कदर केली. त्याच्या तापट स्वभावाकडे बोट दाखवले. थेस्सलनीकात जे घडले त्याला तोड नाही, हे स्पष्ट सांगितले. दावीद राजाची आठवण दिली : नाथान संदेष्ट्याने पाप दाखवून देताच त्या राजाने ते कबूल केले होते. सम्राटानेही देवापुढे नम्र व्हावे, अशी त्यांनी विनवणी केली. आणि सम्राट उपस्थित असताना आपण वेदीवर अर्पण करू शकत नाही, हेही सांगून टाकले. एका निरपराधाचे रक्त सांडले असताना जे करता येत नाही, ते इतक्यांचे सांडले असताना कसे करावे, हा त्यांचा सवाल होता.

हे पत्र लिहिताना अंब्रोज यांनी काय पणाला लावले होते, याचा विचार करावा. ज्या माणसाच्या एका आदेशाने शहर रक्तात न्हाले, त्याच माणसाला हे शब्द जाणार होते. मौन बाळगणे सोपे होते. दरबारातील मर्जी टिकली असती, कदाचित ख्रिस्तसभेला काही देणग्याही मिळाल्या असत्या. पण मग सम्राटाचा आत्मा कोणी राखला असता?

अश्रूंचे दिवस

आणि थिओडोसियस? त्याच्याजवळ पत्र फाडून टाकण्याची शक्ती होती. बिशपांना हद्दपार करण्याची होती. सोयीचा दुसरा धर्मगुरू शोधण्याची होती. त्याने यांपैकी काहीही केले नाही. त्याने राजचिन्हे उतरवून ठेवली आणि सर्व लोकांदेखत मंदिरात आपल्या पापासाठी अश्रू ढाळले. सामान्य पापी माणूस ज्या प्रायश्चित्तार्थींच्या रांगेत उभा राही, त्या रांगेत रोमचा सम्राट उभा राहिला. काही महिन्यांनी, ३९० च्या नाताळात, त्याला पुन्हा ख्रिस्तशरीराच्या मेजावर स्थान मिळाले. मृत्युदंडाची अंमलबजावणी तीस दिवस थांबवावी, म्हणजे क्रोध शांत झाल्यावर फेरविचार होईल, असा कायदा सम्राटाने बिशपांच्या सांगण्यावरून केला, असे थिओडोरेट सांगतात.

आपण नाताळला कम्युनियनसाठी रांगेत उभे राहतो, तेव्हा या नाताळची आठवण व्हावी. अंब्रोज यांनी सम्राटाला दूर ठेवले ते त्याला कायमचे गमावण्यासाठी नव्हे. दरवाजा बंद करणारा हात तोच दरवाजा उघडण्यासाठी आतुर होता. शिक्षा करणे हा त्यांच्या अधिकाराचा हेतू नव्हता. हरवलेल्याला घरी आणणे हा होता.

१७ जानेवारी ३९५ रोजी थिओडोसियस मिलानमध्येच मरण पावला. चाळीस दिवसांनी झालेल्या स्मरणविधीत प्रवचन केले ते अंब्रोज यांनीच. या माणसावर आपले प्रेम होते, हे त्यांनी सांगितले; कारण खुशामत करणाऱ्यांपेक्षा चूक दाखवणारा त्याला अधिक आवडे. त्या चुकीचे दुःख त्याने पुढे एकही दिवस विसरू दिले नाही, अशीही साक्ष त्यांनी दिली. ज्याला कानउघाडणी केली त्याच्याच शवपेटीपाशी उभे राहून प्रेमाने बोलता यावे, हे भाग्य किती मेंढपाळांच्या वाट्याला येते?

पश्चात्तापी माणसाशी अंब्रोज कसे वागत, याबद्दल पॉलिनस यांनी एक हृद्य नोंद केली आहे. कोणी पापनिवेदनासाठी आला की अंब्रोज स्वतः इतके रडत की समोरच्यालाही रडू कोसळे. आणि जे ऐकले ते देवाखेरीज कोणाजवळही काढत नसत. सम्राटाला लिहिलेल्या कठोर पत्रामागे हेच रडणारे हृदय होते.

शेवटचा दिवस

इ. स. ३९७ मध्ये अंब्रोज आजारी पडले. राज्याचा कारभार पाहणारा सेनापती स्टिलिको याने शहरातील प्रतिष्ठितांना त्यांच्याकडे पाठवले. त्यांनी देवाजवळ आणखी आयुष्य मागून घ्यावे, अशी गळ घातली. आपण तुमच्यात अशा रीतीने जगलो नाही की जगण्याची लाज वाटावी, आणि आपला प्रभू चांगला असल्याने मरणाचेही भय वाटत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. उत्तम शुक्रवारी सायंकाळपासून ते हात क्रुसाप्रमाणे पसरून मूक प्रार्थना करीत राहिले. व्हर्चेली येथील बिशप होनोरातस यांनी त्यांना ख्रिस्तशरीर दिले आणि ४ एप्रिल ३९७ रोजी, पवित्र शनिवारी पहाटे, त्यांनी प्राण सोडला. लहानपणी मानासाठी पुढे केलेला हात अखेरीस क्रुसाच्या आकारात पसरला होता. मिलानच्या संत अंब्रोज महामंदिरात वेदीखालील तळघरात, जर्वासियस आणि प्रोतासियस या हुतात्म्यांच्या शेजारी, त्यांचे अवशेष आजही भाविकांना पाहता येतात.

आपल्यासाठी

प्रिय वाचकहो, आमच्याकडे जी पत्रे येतात त्यांत दोन सूर वारंवार आढळतात. एक म्हणतो, धर्मगुरूंना काही विचारायचेच नाही, ते सांगतील ते मुकाट्याने ऐकायचे. दुसरा म्हणतो, आता धर्मगुरूंना कोण विचारतो, आमची श्रद्धा आमच्यापाशी. अंब्रोज आणि थिओडोसियस यांची कथा या दोन्ही सुरांना पुरी पडते.

पहिल्या सुराला ती सांगते की मान म्हणजे आंधळेपणा नव्हे. कॅलिनिकमच्या वेळी कोणीतरी अंब्रोज यांना थांबवायला हवे होते. आज ख्रिस्तसभेचा कायदाच, कलम २१२ मध्ये, सांगतो की भाविकांना आपल्या ज्ञानानुसार आणि योग्यतेनुसार ख्रिस्तसभेच्या हिताविषयीचे मत मेंढपाळांना कळवण्याचा हक्क आहे, इतकेच नव्हे तर प्रसंगी ते कर्तव्य आहे. आदर राखून, पण कळवावे. जेथे लहानग्यांवर वा दुबळ्यांवर अत्याचार झाला असेल तेथे तर गप्प बसणे हे पापच होय. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारींसाठी आणि त्या दडपणाऱ्या वरिष्ठांच्या चौकशीसाठी नियम घालून दिले. मेंढपाळाचा मान राखणे आणि मेंढरांचे रक्षण करणे या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी नाहीत. ज्याने सम्राटाला जाब विचारला त्याच्या वारसांनाही जाब विचारता आला पाहिजे.

दुसऱ्या सुराला ती विचारते की मग आपले पाप आपल्याला कोण दाखवणार? दरबारात सम्राटाची स्तुती करणारे पुष्कळ होते. त्याला वाचवणारा शब्द एकाच माणसाकडून आला, आणि त्या माणसाला तो शब्द उच्चारण्याचा अधिकार प्रभूने दिला होता. आपल्या धर्मगुरूंचे प्रवचन आपल्याला बोचते तेव्हा आपण काय करतो? घरी परतताना त्यांच्या आवाजाची, उच्चारांची, वेळेची चर्चा करतो. थिओडोसियसही पत्रातील भाषेवर चर्चा करू शकला असता. त्याने पत्र अंतःकरणात उतरू दिले. खरा मान तो हाच. हार, शाल, सत्कार हे सारे ठीक. पण ज्या धर्मगुरूच्या शब्दाने एखादा भाविक वर्षानुवर्षांचे वैर सोडून भावाच्या दारात जातो, त्या धर्मगुरूचा खरा सत्कार त्या दारात होतो.

आणि आम्हा धर्मगुरूंनाही ही कथा मोकळे सोडत नाही. आम्हाला मान हवा असतो. पण आमचे दार उघडे असते का? गरिबासाठी आम्ही कोणते पात्र वितळवले? धनवानाला आणि सत्ताधाऱ्याला सांगायचे ते आम्ही सांगतो की दुबळ्यालाच व्यासपीठावरून सुनावतो? जे एकांतात हळुवारपणे लिहायला हवे ते चारचौघांत बोलून कोणाला दुखावतो का? पापनिवेदनाच्या आसनावर बसून आम्ही कधी रडलो आहोत का?

येत्या ७ डिसेंबरला प्रत्येकाने आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंसाठी एक छोटी प्रार्थना करावी, अशी आमची विनंती आहे. त्यांना सत्य बोलण्याचे धैर्य लाभो आणि आपल्याला ते ऐकण्याचे. पौलाने थेस्सलनीकाच्या भाविकांना जी विनंती केली, तिचे मोल त्याच शहराच्या रक्तामुळे एका सम्राटाला कळले. आपल्याला ते कळण्यासाठी अशी किंमत मोजावी लागू नये. मिलानचे मेंढपाळ संत अंब्रोज आपल्या सर्वांसाठी प्रार्थना करोत.